डाऊन सिंड्रोम आणि मेंदूतील जर्म सेल ट्यूमर: उपचार झेपतील का?

प्रश्न:
माझा धाकटा भाऊ 15 वर्षांचा असून त्याला डाऊन सिंड्रोम आहे. काही महिन्यांपासून त्याला सतत तहान लागत होती, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते आणि नीट जमणारी कामेही तो विसरू लागला होता. ‘अशा मुलांचे असे होतेच’ असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्हीही ते मानले, याची मनाला टोचणी आहे. आता एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीच्या वर गाठ दिसली असून ती जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणारी गाठ) असावी, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. या दोहोंचा संबंध आहे का? त्याला केमोथेरपी सोसेल का?

उत्तर 1:
ताई, संबंध आहे, पण त्यात कोणाचाही दोष नाही. डाऊन सिंड्रोममध्ये ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) धोका जास्त असतो आणि इतर अवयवांतील गाठी एकंदरीत कमी आढळतात. जर्म सेल ट्यूमर मात्र याला अपवाद आहेत. जास्तीची तहान आणि लघवी हे या जागेच्या गाठीचे ठळक लक्षण आहे, कारण शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक कमी पडते. रक्तात आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात एएफपी व बीटा एचसीजी (अशा काही गाठींमध्ये वाढणारी प्रथिने) तपासले आहे का, हे आधी विचारा. निव्वळ जर्मिनोमामध्ये (जर्म सेल ट्यूमरचा एक प्रकार) एएफपी वाढत नाही. ते वाढलेले असल्यास गाठ वेगळ्या प्रकारची ठरते आणि उपचार अधिक तीव्र करावे लागतात. जर्मिनोमा किरणोपचार व केमोथेरपी या दोन्हींना उत्तम प्रतिसाद देतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात, त्यामुळे केवळ डाऊन सिंड्रोम आहे म्हणून उपचार नाकारले जाऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 2:
मी लहान मुलांच्या कर्करोग विभागात परिचारिका आहे. वरील मताशी सहमत आहे; मात्र या मुलांना केमोथेरपीदरम्यान गंभीर जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून ताप आल्यास सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. काही औषधांसोबत सलाईनमधून भरपूर द्रव द्यावा लागतो, आणि तुमच्या भावाच्या शरीरात पाणी राखले जात नसल्यामुळे सोडियम वारंवार तपासावे लागेल. भूल देण्यापूर्वी, डाऊन सिंड्रोममध्ये असू शकणाऱ्या मानेच्या वरच्या मणक्यांतील सैलपणाबद्दल भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. थायरॉइड, कॉर्टिसॉल आणि श्रवणशक्ती यांची तपासणीही उपचारांआधी करून घ्या. दुखते आहे हे तो शब्दांत सांगू शकत नसेल, तर दुखताना तो कसा वागतो हे कागदावर लिहून वॉर्डमध्ये द्या. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. एएफपीचा अहवाल उद्या मागते. दुखले की तो गप्प होऊन कान धरून बसतो, हे आजच लिहून ठेवते.