सुट्या लाकडी लेव्हल्स स्वतः करायच्या आहेत: १६ × १२ फूट, दीड फूट उंच

सोसायटीचा_पडदा:
सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आणि वर्षभर एकांकिकांच्या तालमींसाठी स्टेज हवं आहे. दरवर्षी मांडववाल्याला भाडं देण्यापेक्षा एकदाच बनवून ठेवावं असा विचार आहे. माप १६ फूट रुंद, १२ फूट खोल, उंची दीड फूट. सुटं होऊन जिन्याखालच्या खोलीत राहायला हवं. त्या खोलीचं दार ३० इंची आहे. बाहेर स्पर्धेला न्यायचं झालं तर छोटा हत्तीत मावावं. बजेट ४५ हजार, मजुरी आमचीच. ड्रिल, गोल करवत आणि काम येणारे दोघेजण आहेत. प्लाय किती जाडीचा घ्यायचा? लेव्हल्स, म्हणजे जोडून स्टेज होणारे सुटे चौथरे, ८ × ४ फुटांचे सहा करावेत की ४ × ४ चे बारा? आणि पाय कसे जोडायचे, ते कुणी नीट सांगेल का?

विंगेतून:
४ × ४ चे बारा करा. ८ × ४ ची एक लेव्हल ५०-५५ किलोला जाते. जिन्याच्या वळणावर ती दोघांना आवरत नाही आणि छोटा हत्तीच्या सात फुटी हौद्याबाहेर एक फूट लोंबकळते. ४ × ४ ची तीसेक किलोची होते. उभी केली तर जाडी फक्त १०७ मिमी, त्यामुळे ३० इंची दारातून सहज जाते. बाराही शेजारी शेजारी उभ्या केल्या तर सव्वाचार फूट जागा लागते. उरलेल्या हौद्यात पाय आणि बोल्टांची पेटी.

सामान असं:

प्लाय १८ मिमी, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा), ८ × ४ चे ६ बोर्ड. म्हणजे १९२ चौरस फूट. एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) घेऊ नका. गणपतीत पावसाची एक सर आणि ओल्या पोत्याने पुसलेली फरशी एवढंही त्याला पुरतं, कडा फुगतात. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घेतलात तर उत्तमच, पण या कामाला तो चैनीचा आहे.

लाकूड पाइन, रंधा मारून ३८ × ८९ मिमी, ८ फुटी ५६ नग. वखारीत कापून घेताना दोन्ही मापांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त सांगा, रंध्यात ते जातं. या हिशोबाने साधारण १८ घनफूट होतं. ५२ नग लागतात, चार जास्तीचे गाठींसाठी. पाइनला गाठी असणारच. पण जी काठी आडवी टाकून वजन घेणार आहे तिच्या मधल्या भागात, खालच्या कडेला रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठी गाठ असेल तर ती पायांना वापरा. लाकूड तिथूनच फाटतं.

प्लाय चौरस फुटाला ९० आणि लाकूड घनफुटाला १,००० धरलं तर दोन्ही मिळून ३५,२८०. बोल्ट, स्क्रू, फेविकॉल, रंग धरून ४५ हजारांत बसायला हवं. तुमच्या वखारीतला भाव घालून गुणाकार पुन्हा करा.

लेव्हलचं माप १२१५ × १२१५ मिमी ठेवा, १२२० नाही. ८ × ४ चा बोर्ड २४४० × १२२० असतो. मध्ये कापला की करवतीत तीन मिमी जातात, शिवाय बोर्डाच्या कडा दरवेळी सरळ येतातच असं नाही. प्रत्येक लेव्हल दोन मिमी मोठी झाली तर चौथ्या लेव्हलपर्यंत आठ मिमी साचतात आणि शेवटचा बोल्ट भोकात जात नाही. लहान झाली तर फक्त फट पडते.

चौकट: १२१५ ची २ लाकडं आणि त्यांच्यामध्ये ११३९ ची ४ आडवी. चारपैकी दोन टोकांना, दोन तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर. बरेच जण मध्ये एकच आडवं टाकतात. १८ मिमीचा प्लाय तेवढ्यावर मोडत नाही, पण दाबतो, आणि उडी मारली की ढोलासारखा वाजतो. प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि १० नंबरचे ४ इंची दोन स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. हा स्क्रू लाकडाच्या डोक्यात, म्हणजे रेषांच्या दिशेने जातो, तिथे त्याची पकड कमी. म्हणून ४ इंची. तीन इंची चालेल असं सुतार म्हणेल, ऐकू नका.

प्लाय लावण्याआधी कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट ठोकून काटकोनात आणा. नुसत्या गुण्यावर (काटकोन तपासायच्या पट्टीवर) विसंबू नका, चार फुटांवर त्याची चूक दिसत नाही. मग प्लायला फेविकॉल, ८ नंबरचे दोन इंची स्क्रू कडेला दर १५० मिमी, मधल्या आडव्यांवर दर २०० मिमी. एका लेव्हलला चाळीसेक, एकूण पाचशे धरा. जिप्समच्या छतासाठी मिळणारे काळे स्क्रू घेऊ नका. ते ठिसूळ असतात. वाकत नाहीत, डोकं उडतं.

एक गोष्ट हमखास चुकते. अर्धा बोर्ड चौरस असल्याने प्लायच्या वरच्या थराच्या रेषा कुठल्या दिशेला होत्या ते कापल्यावर लक्षात राहत नाही. त्या आडव्यांना काटकोनात, म्हणजे १२१५ च्या दोन लाकडांना समांतर यायला हव्यात. कापण्याआधीच प्रत्येक अर्ध्यावर पेन्सिलने बाण काढून ठेवा.

गुण्या_ओळंबा:
वरचं सगळं बरोबर, पाय तेवढे राहिले. स्टेज खचलं की लोक प्लायला दोष देतात. मोडतो मात्र पायाचा सांधा.

साधी पद्धत म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात आतून एक लाकूड उभं करायचं आणि दोन बोल्ट मारायचे. यात सगळा भार बोल्टांवर टांगलेला राहतो. भोक दर कार्यक्रमाला थोडं थोडं लांबट होतं आणि तिसऱ्या वर्षी लेव्हल डुलायला लागते. भार लाकडावर बसला पाहिजे, बोल्टाने फक्त जागेवर धरून ठेवायचं.

म्हणून पाय दोन तुकड्यांचा करा. त्याच ३८ × ८९ मधून एक तुकडा ४३७ चा, एक ३५० चा. खालची टोकं जुळवून फेविकॉल आणि अडीच इंची पाच स्क्रूंनी पाठीला पाठ चिकटवा. वर ८७ मिमीची पायरी तयार होते. आखूड तुकड्याच्या डोक्यावर १२१५ चं लाकूड बसतं, लांब तुकडा चौकटीच्या आत जातो आणि तिथे बोल्ट. ३५० + ८९ + १८ = ४५७, म्हणजे दीड फूट.

लांब तुकडा ४३९ नाही, ४३७. दोन मिमी मुद्दाम कमी. तो आधी प्लायला टेकला तर चौकट आखूड तुकड्यापासून अधांतरी राहते आणि भार पुन्हा बोल्टांवर येतो. वर प्लाय उचकटतो ते वेगळंच.

आठ फुटी काठीत असे तीन पाय निघतात. ४८ पायांना १६ काठ्या, वरच्या ५२ च्या हिशोबात त्या धरलेल्याच आहेत.

पायाला एम१० चे, म्हणजे १० मिमी जाडीचे, दोन बोल्ट, कर्णावर. एक वर-डावीकडे, एक खाली-उजवीकडे, कडेपासून ३० मिमी. दोन्ही एकाच आडव्या रेषेत घेतले तर लाकूड त्या रेषेत चिरतं.

आणि बोल्टाचं डोकं! चौकटीच्या बाहेरच्या अंगाला ते वर आलं की शेजारची लेव्हल चिकटत नाही, दोन लेव्हल्समध्ये बोटभर फट राहते. हे सगळं झाल्यावर कळतं. त्यामुळे पायांना गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट घ्या, ९० मिमी लांब, ९६ नग. आधी २८ मिमीच्या फ्लॅट बिटने (ड्रिलच्या चपट्या पात्याने) सहा मिमी खोल खड्डा, मग त्याच केंद्रावर ११ मिमीचं आरपार भोक. हा क्रम उलटा केला तर बिटच्या टोकाला धरायला लाकूड राहत नाही आणि तो भरकटतो. कॅरेज बोल्टाची चौकोनी मान लाकडात रुतते, त्यामुळे पाना फक्त आतून लागतो. एकट्या माणसाला पाय बसवता येतो, हा मोठा फायदा.

लेव्हल लेव्हलला जोडण्यासाठी साधे षटकोनी एम१० × १००. चार बाय तीनच्या मांडणीत १७ सांधे, प्रत्येकी दोन, म्हणजे ३४ बोल्ट. भोकं चारही बाजूंना कोपऱ्यापासून ३०० मिमीवर, लाकडाच्या उंचीच्या मध्यावर, १३ मिमीची. चारही बाजू सारख्या ठेवल्या तर कुठलीही लेव्हल कुठेही, कशीही फिरवून लागते. त्यासाठी एक साचा करा: प्लायच्या पट्टीवर १३ मिमीचं भोक असलेली लोखंडी पट्टी, टोकाला कोपऱ्यात अडकणारा ठोकळा. टेपने मोजून ९६ भोकं पाडलीत तर त्यातली दहा चुकतील. नुसत्या लाकडाचा साचाही वीस भोकांनंतर सैल होतो.

सोसायटीचा_पडदा:
दोघांचेही आभार. तीन शंका. वखारवाला बारा मिमीचा शटरिंग प्लाय स्वस्तात देतो म्हणतोय, तो चालेल? आमचं पार्किंग उताराचं आहे. आणि आरतीला पंचवीस-तीस लोक स्टेजवर चढतात, लहान मुलांचे नाच असतात, ते झेपेल का?

विंगेतून:
बारा मिमी नको. शटरिंगचा, म्हणजे स्लॅबच्या साच्यांना वापरतात तो, १८ मिमी मजबूत असतो, पण त्यावरची काळी-तपकिरी फिल्म घोटीव असते. पाय घसरतो आणि रंग धरत नाही, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती घासून काढावी लागते. सहा बोर्डांचे बारा तुकडे घासणारे हात असतील तर घ्या. ब्लॉकबोर्ड मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको, त्याची ताकद एकाच दिशेला असते.

प्लाय घेताना आणखी एक. १८ मिमी लिहिलेला बोर्ड १६-१७ भरणं नवीन नाही. सहाही बोर्ड एकाच लॉटचे घ्या आणि दुकानातच चारही कोपऱ्यांना व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. दोन लेव्हल्समध्ये दीड मिमीचा उंबरा राहिला तरी अंधारात एंट्री घेणारा नट त्याला अडखळतो.

गुण्या_ओळंबा:
भाराचं बघू. स्टेजसाठी आयएस ८७५ च्या, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या, दुसऱ्या भागात चौरस मीटरला ५ किलोन्यूटन भार धरलेला आहे, म्हणजे ढोबळ ५०० किलो. तुमच्या एका लेव्हलवर साडेसातशे, थोडक्यात ४ × ४ वर दहा मोठी माणसं. त्याहून जास्त तिथे सहसा मावत नाहीत. चार आडवी टाकली, गाठी टाळल्या आणि पाय वर सांगितल्यासारखे केले तर आरतीची गर्दी झेपते. पंचवीस लोक १९२ चौरस फुटांवर पसरले तर काहीच नाही. पण त्यातले बरेच जण मूर्तीपुढच्या दोन लेव्हल्सवर गोळा होतात, हिशोब त्यांचाच करायचा.

मूर्तीखालच्या लेव्हलला मधल्या दोन आडव्यांखाली सुटे ठोकळे द्या, ४३९ मध्ये आडव्याचे ८९ वजा, म्हणजे ३५० चे. मूर्तीचं वजन दहा दिवस एकाच जागी बसतं, सततच्या भाराने लाकूड हळूहळू वाकतं.

नाचात भार वर-खाली असतो तसा आडवाही असतो. सगळे एकदम डावीकडे सरकले की पूर्ण स्टेज डावीकडे जायला बघतं. दीड फुटाला कडेच्या पायांवर बाहेरून तिरक्या पट्ट्या पुरतात, मागे दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक. समोर झालरीमागे दोन. पुढे कधी दोन-अडीच फुटी पाय केलेत तर तिरक्या पट्ट्या आतल्या रांगांनाही लागतील.

तक्तपोशी:
उताराबद्दल. पार्किंगला पाणी जाण्यासाठी शंभराला एक उतार असेल तर १६ फुटांत जवळपास दोन इंचांचा फरक पडतो. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून जागेचा सर्वांत उंच कोपरा शोधा आणि पहिली लेव्हल तिथे लावा. मग पुढे सगळीकडे फक्त खाली भर घालायची असते. सखल कोपऱ्यातून सुरुवात केली तर शेवटच्या लेव्हलचे पाय कापायची पाळी येते.

भर म्हणून १८, १२ आणि ६ मिमीच्या प्लायचे चार इंची चौकोन कापून ठेवा. प्रत्येक थर पायाच्या तळाला स्क्रूने पक्का करायचा. सुटी पाचर किंवा फरशीचा तुकडा ठेवू नका, नाचाच्या हादऱ्याने तो दहा मिनिटांत बाहेर सरकतो. मातीवर मांडणार असाल तर प्रत्येक पायाखाली सहा इंची चौकोन, नाहीतर पाऊस पडल्यावर पाय रुततात आणि एका रात्रीत स्टेज वाकडं होतं.

मांडताना सगळे बोल्ट आधी हातानेच घाला. बाराही लेव्हल्स जागेवर आल्या की मग आवळा. पहिल्याच चार कडक केल्यात तर मधली बसणार नाही.

आवाजाचं: करकर दोन चौकटी एकमेकींवर घासल्याने येते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या एकाच बाजूच्या चौकटीला चिकटवा आणि पायाच्या तळालाही लावा. पट्टीची जाडी १२१५ च्या मापात धरावी लागत नाही, आवळल्यावर ती दबते. पोकळ दणदण मात्र ट्यूबने जात नाही, त्याला वरून सतरंजी किंवा कार्पेट.

रंग काळा, मॅट. चकचकीत ऑइल पेंट दिव्यांत आरशासारखा दिसतो. प्लायच्या कडांना मात्र दोन हात जास्तीचे द्या, आणि खालचं अंगही रंगवा. एकाच बाजूला रंग दिलेला प्लाय पावसाळ्यात बाक धरतो.

जिन्याखालच्या खोलीत लेव्हल्स उभ्या ठेवा, जमिनीपासून चार इंच वर, दोन लाकडांवर, भिंतीपासून हात आत जाईल एवढं अंतर सोडून. भिंतीला टेकवल्या तर वाळवी भिंतीतून थेट लाकडात शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत बुरशी येते.

पायऱ्या विसरू नका. दीड फूट चढायला १५२ मिमीचे तीन टप्पे, म्हणजे दोन पायऱ्यांचा एक ठोकळा, दोन्ही विंगांत एकेक. त्यांच्या कडेला पांढरी चिकटपट्टी.

सोसायटीचा_पडदा:
आधी दोनच लेव्हल्स आणि साचा करून, जोडून बघतो. बाकीचं लाकूड त्यानंतर कापू.

गुण्या_ओळंबा:
तेच करा. फक्त लाकूड सगळं एकदम आणून पंधरा दिवस सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. वखारीतून ओलं येतं, वाळल्यावर ८९ चं ८७ होतं, आणि मग पहिल्या दोन लेव्हल्स आणि उरलेल्या दहा यांची उंची जुळत नाही.