सातवीचं पर्सुएसिव्ह लेटर: रिव्हाइज आणि एडिट वेगळं असतं का?

अबोली_एनजे
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, न्यू जर्सी, पब्लिक स्कूल. इंग्लिशला पर्सुएसिव्ह लेटर, म्हणजे पटवून देणारं पत्र, लिहायचंय, त्याने विषय घेतलाय की शाळा सकाळी उशिरा सुरू करा, पत्र प्रिन्सिपलना. पहिला ड्राफ्ट झाल्यावर टीचरने रिव्हाइज करून आण म्हणून सांगितलं. आता आपल्याकडे रिव्हिजन म्हणजे परीक्षेआधी धडे परत वाचायचे, त्यामुळे मी म्हटलं दोनदा नीट वाचून काढ, मग दोघांनी बसून स्पेलिंग, कॉमे, कॅपिटल सगळं तपासलं, दीड तास गेला त्यात. तर गूगल डॉकमध्ये शेरा आला की तू फक्त एडिट केलंयस, रिव्हाइज काहीच नाही. पोरगं एवढंसं तोंड करून बसलंय, एकही चूक नाहीये मग अजून काय करू म्हणतो, आणि मलाही सांगता येईना. मी मराठी मीडियमची, आमचं इंग्रजी पत्र म्हणजे रजेचा अर्ज, तोही पाठ केलेला.

पत्र साधारण असं आहे. पहिल्या परिच्छेदात नाव, इयत्ता, हा विषय खूप महत्त्वाचा आहे. दुसऱ्यात झोप तब्येतीला चांगली, सगळ्यांनाच झोप आवडते, म्हणून शाळा उशिरा हवी. तिसऱ्यात बस ६:५० ला येते आणि पहिल्या तासाला त्याच्या रांगेतली तीन मुलं डेस्कवर डोकं टेकून झोपलेली असतात. मग थँक यू. शुक्रवारी द्यायचंय, प्लीज सांगा कोणी.

खडूफळा
अबोलीताई, मी कॅलिफोर्नियात मिडल स्कूलला इंग्लिश शिकवते, दरवर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांचं हेच होतं त्यामुळे त्याला म्हणावं नाराज होऊ नकोस. एडिट म्हणजे आपलं शुद्धलेखन तपासणं. रिव्हाइज म्हणजे मला नक्की काय म्हणायचंय आणि समोरच्याला ते पटेल का, हे परत बघणं. आमच्याकडे मुलांना आर्म्स आणि कप्स असं शिकवतात. आर्म्स म्हणजे अ‍ॅड, रिमूव्ह, मूव्ह, सबस्टिट्यूट, हे रिव्हाइजचं. कप्स म्हणजे कॅपिटल, यूसेज, पंक्च्युएशन, स्पेलिंग, हे एडिटचं, आणि ते नंतरच करायचं, कारण जो परिच्छेद उडणारच आहे त्याचे कॉमे नीट करून काय उपयोग.

आता त्याच्या पत्राचं बघा. झोपलेली तीन मुलं ही सगळ्यात जोरदार गोष्ट आहे आणि ती बिचारी पार शेवटी पडलीये. तीच सुरुवातीला आणा, नाव-इयत्ता खाली सहीजवळ जाऊ दे. 'सगळ्यांना झोप आवडते' काढून टाका, त्याने कुठल्याही मोठ्या माणसाचं मत बदलत नाही. 'झोप तब्येतीला चांगली' याच्या जागी पुरावा हवा, आणि या विषयात तो भरपूर आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१४ मध्येच सांगितलंय की मिडल आणि हायस्कूल ८:३० च्या आधी सुरू करू नये. आमच्या कॅलिफोर्नियात तर २०१९ मध्ये कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून मिडल स्कूल ८ च्या आधी आणि हायस्कूल ८:३० च्या आधी भरत नाही, काही ग्रामीण स्कूल डिस्ट्रिक्ट सोडून. हे त्याने स्वतः शोधून वाचावं, तुम्ही आयतं देऊ नका.

दोन_पोरांचा_बाबा
वरचं सगळं बरोबर, फक्त एक मोठी गोष्ट राहिली. पत्र कोणाला? शाळेची वेळ बहुतेक ठिकाणी प्रिन्सिपल एकटे ठरवत नाहीत, सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचे प्रमुख) आणि बोर्ड ऑफ एज्युकेशन ठरवतं. आमच्याकडे हाच विषय बोर्डाच्या मीटिंगला आला होता आणि तो अडला कुठे तर बसवर, कारण त्याच बसेस आधी हायस्कूल, मग मिडल, मग एलिमेंटरी अशा फेऱ्या मारतात, एक वेळ हलवली की तिन्ही हलतात. शिवाय स्पोर्ट्सची प्रॅक्टिस अंधारात जाते. सातवीत समोरच्या बाजूचं म्हणणं मान्य करून त्याला उत्तर द्यायचं असतं, त्याला काउंटरक्लेम म्हणतात, कॉमन कोअरमध्ये (बऱ्याच राज्यांनी घेतलेली इयत्तावार अपेक्षांची यादी) सहावीला ते नाही पण सातवीपासून आहे. या पत्रात ते अजिबात नाहीये, मला वाटतं टीचर तेच शोधत असणार.

गोदाकाठ
मी नाशिकची, शिक्षिका होते, आता रिटायर्ड, नातवंडं तिकडे आहेत म्हणून वाचते. अबोली, पर्सुएड म्हणजे शेवटी पटवणंच ना, मग त्याला म्हण, लॅपटॉप बंद कर आणि मला मराठीत पटवून दे. तू बोर्डाची बाई हो आणि खरोखर अडवून विचार, बसचं काय, खेळाचं काय, उशिरा भरली तर तुम्ही उशिरापर्यंत जागणार नाही कशावरून. तो जे तावातावाने बोलेल ना, तेच पत्रात नसतं बघ, मुलं कागदावर एकदम मवाळ होतात. तू लिहून मात्र देऊ नकोस, एक वाक्यही नाही.

आणि एडिटला बसाल तेव्हा शेवटच्या वाक्यापासून उलटं वर या, म्हणजे अर्थात वाहून न जाता प्रत्येक वाक्य सुटं दिसतं. आपल्या मुलांचं 'अ' आणि 'द' गळतं, 'डिस्कस अबाउट' होतं. प्रिन्सिपलचं स्पेलिंगही बघ, शेवटी ए-एल हवं, एल-ई लिहिलं तर तत्त्व असा अर्थ होतो, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कॉम्प्युटर लाल रेघ देईलच असं नाही.

अबोली_एनजे
काकू, काल रात्री जेवताना केलं. आधी लाजला, मग मी बसचं विचारल्यावर चिडून म्हणाला, आई, तू मला सहाला तीनदा हाक मारतेस आणि तिसऱ्यांदा तुझा आवाज बदलतो, ते मला दिवसभर आठवतं. मी गप्पच झाले. ते वाक्य आता झोपलेल्या मुलांच्या खाली आलंय, त्याच्या इंग्रजीत. बसवर त्याचं उत्तर असं की एलिमेंटरीची लहान मुलं तशीही लवकर उठतात, त्यांची फेरी आधी घ्या. हिवाळ्यात छोटी मुलं अंधारात स्टॉपवर उभी राहतील त्याचं काय म्हटलं तर अडला, अजून विचार करतोय. पत्र सुपरिंटेंडंटना चालेल असं टीचरने सांगितलं. 'सगळ्यांना झोप आवडते' उडालं, 'खूप महत्त्वाचा विषय' पण उडालं.

एडिट उद्या संध्याकाळी, तोपर्यंत एकाही कॉमाला हात लावायचा नाही असं त्यानेच मला बजावलंय.