मामांच्या मेंदूला सूज आहे मग स्टिरॉइड का देत नाहीयेत?

भाचा_सांगली:
मामा परवा बाइकवरून पडले, हेल्मेट नव्हतं, डोक्याला जबर मार लागलाय. न्यूरो आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. सीटीत थोडा रक्तस्राव आणि सूज दिसली, कवटीच्या आतलं प्रेशर वाढलंय म्हणाले, मॅनिटॉल चालू आहे. बाहेर बाकड्यावर एक काकू भेटल्या, त्यांच्या मिस्टरांना ब्रेन ट्यूमर आहे, त्यांना डेक्साची (डेक्सामेथासोन, एक स्टिरॉइड) इंजेक्शनं दिली तर एक-दोन दिवसांत उलट्या थांबल्या, डोकं दुखायचं कमी झालं, नीट बोलायला लागले. सूज तर मामांनाही आहे ना? मामी सारखी विचारतेय की पैशापायी तर अडवलं नाहीये ना. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळी_सिस्टर:
दादा, आधी मामींना सांगा की पैशाचा काहीच संबंध नाही, डेक्सा अगदी स्वस्त इंजेक्शन आहे, प्रत्येक वॉर्डात पडलेलं असतं. सूज दिसायला सारखी असली तरी दोघांची वेगळी आहे. ट्यूमरभोवतीच्या रक्तवाहिन्या झिरपतात, त्यातून पाणी मेंदूत उतरतं, आणि डेक्सा ते झिरपणं कमी करतं म्हणून त्या काकांना फरक पडला. मार लागल्यावर मुख्यतः मेंदूच्या पेशीच पाणी धरून फुगतात, तिथे डेक्सा काही करू शकत नाही. मॅनिटॉलचं काम निराळं, ते मेंदूतलं पाणी रक्तात ओढतं आणि मग ते लघवीवाटे जातं.

न्यूरो_रेसिडेंट:
सिस्टर बरोबर बोलल्या. पुढचं मी मुद्दाम सांगतो कारण नातेवाईक खूप आग्रह धरतात. डोक्याच्या माराला पूर्वी स्टिरॉइड सर्रास द्यायचे, मग क्रॅश नावाची मोठी ट्रायल झाली, १०,००८ पेशंट, अर्ध्यांना ४८ तास मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. २००४ साली निकाल आला तर दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाले २१ टक्के गेले आणि न दिलेले १८ टक्के. ट्रायल मधेच थांबवली. म्हणजे मामांना ते न देणं हीच ट्रीटमेंट आहे, कृपया मागू नका.
आणि म्हणून स्टिरॉइड वाईट असंही नाही हां. टीबीच्या मेनिंजायटिसला (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) डेक्सा दिल्याने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममधल्या ट्रायलमध्ये दिसलं, तीही २००४ चीच. डोक्यात जंताच्या गाठी असतील तर अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाच्या जोडीला देतात कारण जंत मरताना सूज वाढते. उंच पहाडावर मेंदूला सूज आली तर खाली उतरवता उतरवता डेक्साच देतात. पण स्ट्रोक, ब्रेन हॅमरेज, डोक्याचा मार, इथे सुजेसाठी नाही.

पुण्याची_लेक:
माझ्या बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर डोक्यात गेला होता तेव्हा डेक्सा चालू होतं, त्या काकूंना माझ्याकडून एवढं नक्की सांगा. फरक पटकन पडतो हे खरं, बाबा जेवायला मागायला लागले होते, पण शुगर भलतीच वाढली, रात्र रात्र झोप नाही, चिडचिड, तोंडात पांढरं आलं आणि पुढे पुढे मांड्यांतली ताकद इतकी गेली की कमोडवरून उठवावं लागायचं. संध्याकाळचा डोस लवकर द्यायला लागलो तेव्हा झोप थोडी सुधारली, तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, अजिबात नाही!! शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, बीपी पडू शकतं, आणि सूज परत येते ती वेगळीच. डोस हळूहळू उतरवतात.

भाचा_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मामीला वाचून दाखवलं, जरा शांत झाली. काकूंनाही सांगितलं. अजून एक, मामांची मान वाकडी वाटते म्हणून मामी उशी घालू का विचारत होती, चालेल का?

रात्रपाळी_सिस्टर:
उशी नको. पलंगाचं डोकं साधारण ३० अंश वर आणि मान सरळ मधोमध ठेवतात, मान वळली की मानेतल्या शिरांतून रक्त खाली यायला अडतं आणि प्रेशर वाढतं. वाकडी दिसली तर स्वतः हलवू नका, ड्युटीवरच्या सिस्टरला लगेच सांगा, कॉलरही लावलेली असू शकते. मामींना आत सोडतील तेव्हा हात धरून हळू आवाजात बोलू दे.