लॅमिनेटेड आर्चटॉप म्हणजे खरी आर्चटॉप नाहीच का? आवाज तर मला हाच हवा होता

सहावी_तार

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

बारा वर्षं सॉलिड बॉडी (अखंड लाकडाची इलेक्ट्रिक गिटार) वाजवतेय. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एक आर्चटॉप (बाक दिलेल्या टॉपची पोकळ गिटार) घेतली, सेकंडहँड, सोळा इंची, टोकदार कटअवे (नेकजवळची खाच), दोन हंबकर (तारेचं कंपन विजेत बदलणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप), म्हणजे गिब्सनच्या ईएस-१७५ च्या घाटाची. आणल्या आणल्या अँपला लावली, नेकचा पिकअप, टोन जरासा खाली, आणि एकच सूर काढला. तशीच बसून राहिले. इतकी वर्षं रेकॉर्डवर ऐकलेला आवाज माझ्या मांडीवरच्या गिटारमधून येत होता, आधी लाकडावर टिचकी मारल्यासारखं ‘ठुप्’, मग गोल भरलेला सूर, आणि तो लांबत न बसता विरून जातो.

आता अडचण सांगते. ओळखीतल्या एका वादकाने ती हातात घेतली, एफ-होलच्या (टॉपवरच्या f आकाराच्या भोकाच्या) कडेला थर दिसले, तर म्हणाला अगं हे प्लायवुड आहे, खरी आर्चटॉप म्हणजे अखंड स्प्रूस कोरून केलेली, ही नुसती दिसायला तशी. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अँप न लावता वाजवली तर खरंच मुकी वाटते. तर कोरीव टॉपचा आवाज अँपमधूनही एवढा वेगळा असतो का? सूर पटकन मरतो तो हिचा दोष की स्वभाव? आणि वरच्या फ्रेट्सवर तिसरी तार चढी बोलते त्याचं काय करू? सध्या साध्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) दहाच्या तारा आहेत, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाड.

मेपल_मास्तर

ताई, तुमच्या मित्राचं लाकडाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, कारण कोरीव टॉप कशासाठी आला हे बघितलं की चित्र बदलतं.

मूळ कल्पना व्हायोलिनची. टॉपला बाक द्यायचा, तारा ब्रिजवरून नेऊन टेलपीसला बांधायच्या, म्हणजे तारा ब्रिजला खाली दाबतात आणि टॉप जोरात हलतो. गिब्सनकडे लॉइड लोअर असताना १९२२ मध्ये एल-५ आली, गोल भोकाऐवजी एफ-होल घेऊन. तेव्हा पिकअप नव्हते, बँडमध्ये ब्रास आणि ड्रम्सच्या मागे गिटार ऐकू यायला हवी होती एवढीच धडपड होती. म्हणून तर आकार वाढत गेले, एल-५ सोळा इंचांवरून सतरावर गेली, १९३४ ला सुपर ४०० आली ती अठरा इंची, नावातले ४०० म्हणजे डॉलरमधली किंमत. सगळं कशासाठी तर मोठा आवाज.

मग १९३६ ला ईएस-१५० आली, तिच्यात पातीसारखा एकच पिकअप, खाली मोठे लोहचुंबक, वजन टॉपखाली तीन स्क्रूंवर लटकलेलं. १९३९ ला गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनसारखी सोलो बोलायला लागली. माणूस पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये गेला, पण तेवढ्या दोन-तीन वर्षांत त्याने जे केलं त्यावर आपण सगळे अजून जगतोय. आता विचार करा, आवाज मोठा करायचं काम अँपने घेतलं की कोरीव टॉपची मूळ जबाबदारीच संपली. उलट जास्त हलणारा टॉप अँपजवळ घुमायला लागतो.

ईएस-१७५ आली १९४९ ला (१७५ पण डॉलरच) आणि ती पहिल्यापासून अँपसाठीच केलेली. दाबून बाक दिलेलं लॅमिनेटेड मेपल, आधी पी-९० (एकाच गुंडाळीचा) पिकअप, १९५७ पासून सेथ लव्हरचा हंबकर. लॅमिनेट वापरायचं एक कारण खर्च होता हे खरंच आहे, कोरायला वेळ आणि हात लागतात, पण मिळालेली वस्तू कमअस्सल निघाली नाही. लॅमिनेट जड आणि ताठ असतं, अँपशिवाय कमी बोलतं, फीडबॅक जरा उशिरा येतो आणि सुराच्या सुरुवातीला तुम्ही म्हणता तो ‘ठुप्’ मिळतो. जो पास, जिम हॉल, पॅट मेथेनी, तिघांच्याही हातात वर्षानुवर्षं १७५ होती. ज्याला आपण डोळे मिटून ‘जॅझ गिटारचा आवाज’ म्हणतो त्यातला केवढातरी भाग याच ‘प्लायवुड’मधून आलाय.

सूर पटकन मरतो तो स्वभावच. पोकळ बॉडी आणि नुसता टेकवलेला ब्रिज तारेची शक्ती खाऊन टाकतात, सॉलिड बॉडीत ती तारेतच राहते म्हणून तिथे सूर लांबतो. मला स्वतःला हा छोटा सूर फार प्रिय आहे, त्यामुळे चार-पाच सुरांचे कॉर्ड भराभर बदलले तरी एकमेकांत चिखल होत नाही.

चौथा_ठोका

मास्तरांशी बरंचसं सहमत पण कोरीव टॉपला असं रिटायर करू नका हो!

फ्रेडी ग्रीन ऐका. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून १९८७ ला जाईपर्यंत, अँप नाही काही नाही, तारा फ्रेटपासून भरपूर उंच, मोठी कोरीव आर्चटॉप आणि मापात चार ठोके. पूर्ण बिग बँड वाजत असताना ती गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही, ड्रमच्या झांजेत आणि बासमध्ये मिसळून जाते, पण ती नसली तर सगळा बँड लंगडेल असं वाटत राहतं. हे काम लॅमिनेटचं नाही, त्याला मोकळं स्प्रूसच पाहिजे.

आणि अँपमधूनही फरक असतो, फक्त पिकअप कसा बसवलाय त्यावर. टॉपला भोक पाडून दोन पिकअप आत बसवले की कोरीव टॉपही बराच गप्प होतो (१९५१ ची एल-५ सीईएस तशीच, तरी तिचा आवाज मला १७५ पेक्षा रुंद वाटतो). पण पिकअप टॉपला न शिवता पिकगार्डला किंवा नेकच्या टोकाला अडकवलेला असेल, डीआर्मंड कंपनीचे असायचे तसा, किंवा गिब्सनच्या १९६१ च्या जॉनी स्मिथ मॉडेलवरचा, तर सुरात हवा ऐकू येते. काचेसारखा स्वच्छ आवाज. न्यूयॉर्कमध्ये जॉन डीअँजेलिको १९३२ पासून १९६४ पर्यंत एकेक गिटार हाताने कोरत बसला, आयुष्यभरात हजाराच्या थोड्या वर झाल्या, त्यातली एखादी बिनअँपची जवळून ऐकायला मिळाली तर पोटात काहीतरी हलतं, मी एकदाच ऐकलीय.

म्हणजे तुमची गिटार खोटी अजिबात नाही. ही दोन वेगळी वाद्यं आहेत, नाव एक पडलंय.

अंगठ्यानेच

मास्तरांना +१

मी एवढंच म्हणेन की लाकडावर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं तरी हातावर बोला. वेस माँटगोमेरी एल-५ वर वाजवायचा म्हणून लोक एल-५ शोधतात पण तो आवाज अंगठ्याच्या मांसल भागाचा आहे, पिक नाहीच. ऑक्टेव्ह वाजवताना मधल्या तारा डाव्या हाताने दाबून मुक्या केलेल्या असतात म्हणून एवढा जाड झटका निघतो. आणि कॅनडाचा एड बिकर्ट तर टेलिकास्टर घेऊन बसायचा, सपाट सॉलिड फळी, नेकला हंबकर टाकलेला, आणि त्याचे कॉर्ड ऐकून कोणी शपथेवर सांगेल की ही मोठी पोकळ गिटार आहे.

एक चूक मात्र करू नका, मी वर्षानुवर्षं केली, टोन पूर्ण शून्यावर नेऊन ठेवायची. त्याने फक्त घोंगडी पांघरल्यासारखं होतं. जुन्या रेकॉर्डवर नीट कान दिला तर सुराला धार असते, ख्रिश्चनच्या आवाजाला तर किंचित खरखरही आहे. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी, टोन अर्ध्याच्या आसपास, अँप स्वच्छ, आणि उजवा हात नेकच्या टोकाकडे सरकवून मऊ वाजवा. पियानोवादक बिल एव्हान्स आणि जिम हॉलचं १९६२ चं दोघांचंच रेकॉर्डिंग ऐका, बाकी कुठलंच वाद्य नाही त्यामुळे गिटारचा सूर कसा सुरू होतो कसा संपतो सगळं कळतं.

सहावी_तार

बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. अंगठा लगेच करून बघितला, आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला, वेग मात्र गेला, तो येईल हळूहळू.

तिसऱ्या तारेचं कोणी सांगेल का? आणि आवाज वाढवला की ठरावीक एका सुरावर सगळी गिटार ‘हूंऽऽ’ करून घुमते.

रंधा_आणि_पटाशी

मी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे याचं उत्तर माझ्याकडे.

तुमच्या ब्रिजवरची लाकडी पट्टी नीट बघा, वरच्या कडेला पायऱ्या कापलेल्या असतील. बहुतेक जुन्या आर्चटॉपवर त्या पायऱ्या गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशोबाने असतात. तुम्ही दहाचा सेट लावलाय त्यात तिसरी तार साधी, न गुंडाळलेली, तिला ब्रिजवर जास्त मागे जागा लागते, ती मिळत नाही म्हणून चढी बोलते. बाराचा फ्लॅटवाउंड सेट लावा, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा. पट्टीसारखी चपटी तार गुंडाळलेली असते म्हणून बोटांचा चर्रर्र आवाज जातो आणि तुमचा ‘ठुप्’ अजून भरीव होईल. सुरुवातीला बोटं दुखतील. ताण वाढल्यावर नेक थोडी पुढे वाकेल, ट्रस रॉड (नेकच्या आतली ताण सांभाळणारी सळई) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका.

ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा असतो, म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. नंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे केसभर सरकवा, उतरा असेल तर नेककडे. पहिली आणि सहावी जुळली की बाकीच्या आपोआप जवळ येतात.

घुमण्याचं म्हणाल तर अँपचा आवाज टॉपला हलवतो, टॉप तारेला, तार पिकअपला, आणि परत अँप, हे चक्र आहे. अँपच्या थेट समोर बसू नका, बाजूला बसा, अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, बास उतरवा. तेवढ्याने नाही थांबलं तर एफ-होलमध्ये फोमचा तुकडा. याच त्रासावर गिब्सनने १९५८ ला ईएस-३३५ काढली, पातळ बॉडी आणि मधोमध अखंड मेपलचा ठोकळा, पण मग ‘ठुप्’ही कमी झाला.

अजून एक, तुमची गिटार जुनी आहे म्हणताय तर पिकगार्ड हुंगून बघा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आंबट वास येतो, कडा चुरा होतात आणि त्याच्या वाफेने जवळचे स्क्रू, टेलपीस, पिकअपचं कव्हर हिरवं-काळं पडतं. तसं असेल तर लगेच काढून केसच्या बाहेर ठेवा, चांगल्या चांगल्या गिटारींची वाट लागलेली बघितलीय.

सहावी_तार

आठ दिवसांनी अपडेट. फ्लॅटवाउंड लावल्या, बाराच्या. पट्टीवर खरंच पायरी होती! ब्रिज दोन-अडीच मिलिमीटर मागे गेला आणि आता बाराव्या फ्रेटवरचा कॉर्ड पहिल्यांदा सुरात लागतोय. पिकगार्डला वास नाही पण एका टोकाला भेग आहे आणि तिथलाच स्क्रू हिरवा झालाय, काढून ठेवलं. काल रात्री अँप अगदी हळू ठेवून तासभर नुसते तीन सुरांचे कॉर्ड वाजवत होते, चार ठोक्यांत, फ्रेडी ग्रीनसारखं जमतंय का बघत. प्रत्येक ठोक्यानंतर जी रिकामी जागा पडते ना, तिच्यातच मजा येत होती.

ब्रिजची जागा कायम लक्षात राहावी म्हणून काय करता तुम्ही?

रंधा_आणि_पटाशी

ब्रिजच्या पायांच्या कडेने कमी चिकट कागदी टेपचे दोन तुकडे लावा आणि त्यावर पेन्सिलीने रेघ मारा. पॉलिशवर थेट खूण करू नका, आणि टेप महिनोनमहिने तशीच ठेवू नका, जुनं लॅकर सोबत निघून येतं.