जड धातूंचा 'ताण' आणि पिकाची 'सहनशीलता'

वैदर्भी : 'जड धातूंच्या ताणाला पिकांची सहनशीलता' असं एका लेखात वाचलं. काटोलच्या काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "कोणत्या बहाराचा ताण?" इथे ताण म्हणजे काय? आणि सहनशीलता, तग, प्रतिकार यांतला कोणता शब्द बरा?

काळीमाती : काकांचं बरोबरच आहे ताई. संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद करतात, तो ताण. तो देतात आणि वेळ झाली की पाणी देऊन तोडतात. लेखातला ताण म्हणजे मातीतल्या कॅडमियमसारख्या विषारी जड धातूचा पिकाला होणारा जाच. तो तोडता येत नाही, कारण धातू कुजून संपत नाही. तरी शब्द तोच ठेवा; 'तणाव' लिहिलं की पीक बारावीला बसल्यासारखं वाटतं. 'प्रतिकार' मात्र रोग-किडींसाठी राहू द्या.

मूळखोड : 'सहनशीलते'त दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, माझी तक्रार ती आहे. एक, धातू मुळाशीच अडवणं. दुसरी, आत घेऊन निरुपद्रवी करणं. कॅडमियम पेशीत शिरलं की ग्लुटाथायोन या पेशीतल्या गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलाटिन नावाच्या, धातू पकडणाऱ्या लहान साखळ्या तयार होतात. त्यांतलं गंधक धातूला पकडतं आणि ती जोडी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडली जाते. आता ही रिक्तिका मुळातली की पानातली, सगळं त्यावर. भातात ओएसएचएमए३ हे वाहक प्रथिन कॅडमियम मुळांतच कोंडतं. ते निकामी असलेल्या वाणांत कॅडमियम दाण्यापर्यंत जास्त पोचतं. पालकाचं उलट. सांडपाण्यावरचा पालक हिरवागार दिसतो, अन् धातू नेमका आपण खातो त्या पानात. त्याला 'सहनशील' म्हणून शाबासकी कसली द्यायची?

वैदर्भी : म्हणजे दोन शब्द हवेत?

मूळखोड : हो. 'अटकाव' आणि 'साठवण'. दोन्ही मिळून 'तग'. बियाण्याच्या पिशवीवर नुसतं 'सहनशील' छापलं तर शेतकरी त्याचा अर्थ 'खायला सुरक्षित' असाच घेईल.

काळीमाती : एक भर घालतो भाऊ. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, चुनाही असतो, सामू (पीएच) बहुधा सातच्या वर. अशा मातीत कॅडमियम, शिसं बरंचसं मातीलाच चिकटून राहतं, मुळांना कमी मिळतं. पीक ठणठणीत दिसलं तरी त्यात पिकाची करामत किती, हे त्या मातीत कळतच नाही. तेच वाण आम्लधर्मी जमिनीत लावून बघा.

वैदर्भी : आणि आर्सेनिक? लेखात तेही जड धातूंत टाकलंय.

मूळखोड : ते धातुसदृश, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधलं. पण वागणूक तशीच, म्हणून यादीत घेतात. पाणी साचलेल्या भातखाचरात तर ते सिलिकाच्याच वाटेने मुळात शिरतं.