पेपर टाकताना: राजीनाम्याचं पत्र, तारीख आणि पोच

पेठेत ‘पेपर टाकणारा’ म्हणजे सकाळी सायकलवर येणारा मुलगा. हिंजवडीत ‘पेपर टाकले’ म्हणजे राजीनामा. हा धागा दुसऱ्या अर्थाचा आहे. ‘साहेबांच्या तोंडावर कसा फेकला’ छापाच्या कहाण्या नकोत. राजीनाम्याचे कागद ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांनी कामाचं तेवढं लिहावं. कंपन्यांची नावं घेऊ नका.

एचआर, खराडी

पत्र चार ओळींचं पुरतं. मजकूर हाच:

‘मी … (पद, कर्मचारी क्रमांक) या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार ९० दिवसांची नोटीस ४ मार्चपासून धरावी. त्यानुसार माझा शेवटचा कामाचा दिवस १ जून असेल. राजीनामा स्वीकारल्याचे व कार्यमुक्तीची तारीख लेखी कळवावी.’

यातली तारीखच लोक सोडतात. ‘नियमानुसार नोटीस पूर्ण करीन’ एवढंच लिहिलं की शेवटचा दिवस कोण ठरवणार? समोरचा. नेमणूकपत्रात ‘९० दिवस’ आहे की ‘तीन महिने’ ते आधी बघा. ३ मार्चला मेल गेला तर ९० दिवस १ जूनला भरतात आणि तीन महिने ३ जूनला. नव्या ठिकाणी १ तारखेला रुजू व्हायचं कबूल केलं असेल तर हे दोन-तीन दिवस नडतात. आणि ‘९० दिवस म्हणजे मेअखेर’ असं मनाशी धरू नका, मार्च आणि मे दोन्ही ३१चे आहेत.

पोर्टलवर बटण दाबलं तरी मेल वेगळा पाठवा. मॅनेजर आणि एचआर दोघांना, स्वतःचा खासगी पत्ता सीसीत. शेवटच्या संध्याकाळी ऑफिसचा मेलबॉक्स बंद होतो आणि स्वीकृतीचा मेल त्यातच अडकून राहतो. कारण विचारलं तर ‘वैयक्तिक कारणास्तव’. बाकी मनातलं एक्झिट मुलाखतीतही जपूनच.

कामगार वकील, शिवाजीनगर

वरच्या ताईंचं ‘वैयक्तिक कारणास्तव’ खुशीने जाणाऱ्याला ठीक आहे. पण केबिनमध्ये बसवून ‘तुम्हीच द्या, नाहीतर आम्ही काढतो’ म्हणत असतील तर हेच दोन शब्द पुढे तुमच्या विरुद्ध वाचले जातात. तिथे सही करू नका, ‘घरी विचार करून कळवतो’ म्हणा. केलीच असेल तर त्याच रात्री, कोणाच्या सांगण्यावरून, कुठे, किती वाजता सही झाली याचा मेल टाका. आठ दिवसांनी लिहिलेल्याला ‘नंतर सुचलं’ म्हणतात.

दुसरं, ‘तात्काळ’ आणि ‘१ जूनपासून’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या तारखेपासूनचा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सांगितलं. तिथे राजीनामा देणारे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते: मे १९७७ चं पत्र, १ ऑगस्टपासून लागू, आणि १५ जुलैला मागे घेतलेलं. खासगी नोकरीत मात्र करारात काय लिहिलंय आणि राजीनामा स्वीकारला गेलाय का, हे आधी बघावं लागतं. म्हणून मन बदललं तर तोंडी बोलत बसू नका, त्याच मेलला उत्तर म्हणून लेखी कळवा.

आणि ‘पगार वाढला नाही तर हाच राजीनामा समजावा’ असली पत्रं लिहू नका. समोरचा खरंच समजतो.

टाइम ऑफिस, चाकण

कारखान्यात अजून कागदच चालतो. दोन प्रती काढा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, म्हणजे पोच. सुपरवायझरच्या हातात दिलेला कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि नोटीस सुरूच होत नाही. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पाकिटावर विषय लिहा, नाहीतर ‘पाकीट आलं, पण आत कोरा कागद होता’ हेही ऐकावं लागतं.

व्हॉट्सॲपवरचं ‘उद्यापासून येणार नाही सर’ म्हणजे आमच्या हजेरीपटावर गैरहजेरी. आधी बोलावणं जातं, मग परागंदा म्हणून शेरा, आणि अनुभवाचा दाखला अडकतो.

बूट, हेल्मेट, लॉकरची किल्ली, गेटपास, कँटीनची कुपनं परत केल्याची सही प्रत्येक खात्याकडून वेगळी घ्या. ‘नो ड्यूज’वर (कसलंही देणं बाकी नसल्याच्या कागदावर) स्टोअरची एक सही राहिली तरी हिशेब थांबतो.

खासगी शाळेचं कार्यालय, सदाशिव पेठ

अनुदानित-विनाअनुदानित खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी कायदाच वेगळा आहे, आणि तो पुष्कळ शिक्षकांना माहीत नसतो. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम ७ नुसार राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणाऱ्यांना यामुळे चाप बसतो. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट’ असं स्पष्ट मागा.

१९८१ च्या नियमावलीतल्या नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक. लवकर जायचं तर व्यवस्थापनाच्या परवानगीने तेवढ्या महिन्यांचं वेतन भरता येतं, भत्ते सोडून.

पेरोल, मगरपट्टा

नोटीस कमी भरली की वसुली. ती मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे नेमणूकपत्रात असतं. एकूण ९०,००० आणि मूळ ४५,००० असेल तर ३० दिवसांच्या वसुलीत थेट ४५,००० चा फरक. नव्या कंपनीने बायआउटचे (न भरलेल्या नोटीशीच्या वसुलीचे) पैसे दिले तर ते तुमचं करपात्र उत्पन्न धरलं जातं, हे गृहीत धरूनच बोलणी करा. नोटीस वसुलीवर जीएसटी लागत नाही, ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट आहे. हिशेबाच्या कागदावर १८ टक्क्यांची ओळ दिसली तर परिपत्रक जोडून मेल करा.

ग्रॅच्युइटी: (मूळ पगार + महागाई भत्ता) × १५ ÷ २६ × वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मूळ ४०,००० (भत्ता नाही) आणि नोकरी ६ वर्षं ७ महिने, तर ७ वर्षांचे १,६१,५३८ रुपये. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, ती भरायला दोन-तीन आठवडे कमी असतील तर शेवटचा दिवस तेवढा पुढे ढकला. राजीनाम्याची नाही, कार्यमुक्तीची तारीख मोजतात.

राहिलेला पगार राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत द्यायचा, असं वेतन संहितेचं कलम १७ सांगतं, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ‘आमच्याकडे ४५ दिवस लागतात’ म्हणाले तर कलमाचा हवाला द्या. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवस असतात, दोन्हींची गल्लत करू नका.

निवृत्त कक्ष अधिकारी, कोथरूड

सरकारी नोकरांसाठी एकच: साधा राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते (निवृत्तिवेतन नियम १९८२, नियम ४६). दुसऱ्या शासकीय पदावर जात असाल तर अर्ज मूळ कार्यालयामार्फत गेलेला हवा, आणि पत्रात ‘तांत्रिक राजीनामा’ हे शब्द हवेत. नंतर दुरुस्ती मागताना वर्षं जातात.

पीएफचं काम पाहणारा, भोसरी

जाताना यूएएनवरचं (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरचं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते नोटीस चालू असतानाच बघा. नंतर दुरुस्तीसाठी जुन्याच कंपनीच्या दारात यावं लागू शकतं. ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) कंपनीने टाकली नाही तर पैसे नव्या खात्यात वळवताना अर्ज परत येतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबा, मग पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ला जाऊन स्वतः तारीख टाका. ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली लागते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, त्यामुळे कंपनीचं सिम आधारला जोडलं असेल तर ते परत करण्याआधी नंबर बदलून घ्या.