प्रतिसाद: सरकारनं हात आखडता घ्यावा का?

वर एकांनी लिहिलंय की दिवस अनिश्चित असले की घरात जसं आपण हात आखडता घेतो तसंच सरकारनंही घ्यावं. मला हे अजिबात पटत नाही. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, आणि सगळेच एकदम घाबरून थांबले तर माल घेणार कोण? आमच्या सोलापुरात बघा, लोकांनी टॉवेल-चादरी घेणं पुढं ढकललं की आधी ऑर्डर कमी होते, मग माग बंद, मग कामगाराची उधारी किराणावाल्याकडं वाढते, आणि तोही होलसेलवाल्याकडून माल कमी उचलतो.

१९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती, ती मजुरी काय बँकेत पडून राहिली नाही, लगेच बाजारात आली. पण तेव्हा धान्यच कमी होतं, नुसता पैसा वाटला असता तर भाव भडकले असते, म्हणून रेशनवर परदेशातून आणलेला लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) द्यावा लागला, हेही बघायला पाहिजे ना.

आणि बजेटमध्ये आकडा मोठा दिसला म्हणजे खर्च झाला असं नाही हो! केंद्रानं २०२३-२४च्या बजेटला भांडवली खर्चासाठी, म्हणजे रस्ते-रेल्वे असल्या टिकाऊ कामांसाठी, १० लाख कोटी रुपये धरले, चांगलंच केलं, पण कुठल्याही कामात ठेकेदाराचं बिल सहा-सहा महिने अडकलं तर तो मजूर कमी करतो, सिमेंट उधारीवर उचलतो. माझं तर स्पष्ट मत आहे, मंदीत नवीन घोषणा करण्याआधी थकलेली बिलं आणि मजुरी द्या.